फेबियनचं कोपर

भुईगावात फेबियनच्या वाडीचं नाव दोन गोष्टींसाठी निघायचं. एक तिथली राजेळी केळी, आणि दुसरं म्हणजे मालकाचं न झोपणं. दुपारचं जेवण पोटात गेलं की सगळा गाव आडवा व्हायचा; कुत्रीसुद्धा बावखलाच्या तळ्याकाठी ओल्या मातीत पोट टेकून पडायची. फेबियन तेवढा रहाटावर. "आमचा बा गेल्यापासून मी दुपारची पाठ टेकलेली नाय," हे तो ज्याला त्याला ऐकवायचा. मजुराला ऐकवायचा, भावाला ऐकवायचा, चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला ऐकवायचा, आणि समोरच्याने जांभई दिली तर हमखास ऐकवायचा.

वाक्य खरं होतं. पाठ त्याने कधीच टेकली नव्हती. टेकायचं ते कोपर.

विहिरीवरचा रहाट बैल ओढायचा. बैल गोल फिरायचा, त्याच्यामागे एक आडवा दांडा फिरायचा आणि दांड्याच्या टोकाला हाकणाऱ्याला बसायला फळी होती. फळीच्या डाव्या अंगाला हातभर उंचीचा एक खुंट. जेवून आलेला फेबियन फळीवर बसायचा, बैलाला हाळी द्यायचा, डावं कोपर खुंटावर ठेवायचा, गाल तळहातात ठेवायचा आणि डोळे मिटून विचार करायचा. विचार इतका खोल असायचा की अधूनमधून घोरणं ऐकू यायचं. बाळ्या हा बैल मोठा समजूतदार. धनी विचारात गेला की तो चाल मंदावायचा, त्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ सावकाश वाजायला लागायची, आणि शेवटी तो उभाच राहायचा. त्या शांततेनं फेबियनला जाग यायची. मग तो चार वाड्यांना ऐकू जाईल अशी "हैक, हैक" करून बैलावर ओरडायचा, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहायला नको.

शंका कोणाच्याच मनात नव्हती. पलीकडच्या वाडीतली सावित्रीकाकू तर घुंगुरमाळ मंदावली की पोराला सांगायची, "फेबियन निजला रे, तासाभराने चहाचं आधण ठेव." पण हे त्याला तोंडावर कोणी कधी म्हटलं नाही. एका सज्जन माणसाची एवढी एकच फुशारकी, ती मोडून कोणाला काय मिळणार होतं?

बावन्न सालच्या आरंभाची गोष्ट. नाताळ होऊन महिना झाला असेल, फेबियनच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जड वाटायला लागलं. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या आणि उरलं ते बधिर लाकूड. यंदा खुंट जरा टोचतो असं त्याला वाटायचं खरं, पण त्याचा दोष त्याने वयाला दिला. पन्नाशी झाली की अंगावरचं मांस उतरतं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि विचार करणं चालू ठेवलं.

एका सकाळी त्याने चुलीवरचं पितळी पातेलं उतरवलं. खाली ठेवून हात झटकला तेव्हा त्याला दिसलं की करंगळीला टरटरून फोड आलाय. भाजलेलं त्याला कळलंच नव्हतं.

फेबियन तिथेच चुलीपुढे बसला. फेस्ताच्या सणादिवशी चर्चच्या फाटकाशी रांगेने बसणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्यांच्या करंगळ्या आत वळलेल्या असत, त्यांना ऊन-थंड कळत नसे. लहानपणी आईने त्याला त्यांच्यापासून लांबून चालवलं होतं. महारोग हे नाव त्याने मनातसुद्धा घेतलं नाही. एवढंच मनात आलं, की बेलाचं लग्न ठरलंय.

बेला त्याची धाकटी. राजोडीच्या व्हिक्टर मास्तरशी तिचं लग्न ठरलं होतं, ईस्टर झाल्यावर मे महिन्यात. ज्या घरात तो रोग आहे त्या घरची मुलगी कोण नेईल? बरं, न सांगता लग्न लावून द्यावं तर ती फसवणूक, आणि फेबियन दुपारच्या झोपेखेरीज दुसऱ्या कशातही खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने ठरवलं की लग्नाआधी एकदा राजोडीला जाऊन सगळं सांगून टाकायचं. ठरवलं, आणि रोज ते उद्यावर ढकललं.

तोवर घरच्यांना आपला स्पर्श होता कामा नये म्हणून त्याने जे काही सोंग काढलं ते बघण्यासारखं होतं. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू झाला होता, त्याचा त्याने आडोसा घेतला. "मी नेम धरलाय," त्याने बायकोला सांगितलं. "ओटीवर एकट्यानं जेवनार, केळीच्या पानावर. पानी करवंटीतून पिनार. झोपनार रहाटाच्या खोपीत."

मॅग्डलीनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने उपवासाच्या दिवसांत सुका बोंबीलसुद्धा सोडला नव्हता. "बरं," ती म्हणाली. तिचा स्वभावच तसा होता. जे बोलायचं ते ती पुढच्या आठवड्यात बोलायची.

संध्याकाळी रोझरीची प्रार्थना म्हणून झाली की घरातल्या लहानांनी मोठ्यांपुढे वाकायचं आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, ही घरची रीत. बेला वाकली की फेबियन चार पावलं मागे सरायचा आणि फादर वेदीवरून देतात तसा लांबूनच हात हवेत उचलायचा. पहिल्या दिवशी बेलाला हसू आलं. आठव्या दिवशी तिने हसणं सोडलं. पंधराव्या दिवशी ती वाकल्या जागीच थोडा वेळ थांबून राहिली, डोक्यावर हात येतो का त्याची वाट बघत. हात आला नाही. फेबियनने तिचा वाकलेला भांग बघितला आणि त्याचा जीव तुटला, पण तो जागचा हलला नाही.

मॅग्डलीनचा पुढचा आठवडा उजाडला. ओटीवर पान मांडताना ती म्हणाली, "पोरगी म्हनते, बाच्या मनात नसंल तर नको मला हे लगीन. मोडून टाका म्हनते."

फेबियनने हातातला घास पानावर ठेवला. दुसऱ्या दिवशी केळी विकायच्या मिषाने त्याने पापडीचा रस्ता धरला.

पापडीच्या बाजारामागे शरदचंद्र डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर चाळिशीचे, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधणारे. त्यांची एक खोड होती. रोग्याला काय होतंय हे ते नंतर विचारत. आधी विचारत, दिवसभर काय करता. त्यामुळे बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येई आणि कंटाळा म्हणून येत नसे. बाक आणि डॉक्टर यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा होता, तोही गुडघ्यापर्यंतच.

त्या दिवशी फेबियनच्या आधी मिठागरातला जयराम होता. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या फडक्यात होता आणि खांद्याच्या वर जातच नव्हता.

"किती दिवस बांधलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मार लागला दिवाळीत. तवापासून बांधलाय. लई जपला, डागदर. जेवायला पन काढला नाय."

"तेच तर झालं. मार आठ दिवसांत बरा झाला होता. पुढचे चार महिने तुम्ही हाताला जपत बसलात आणि खांदा तिथेच आखडून गेला. बिजागरी उघडझाप केली नाही की गंजते. आजपासून फडकं चुलीत घालायचं. भिंतीपुढे उभं राहून बोटं भिंतीवरून वर चालवायची, रोज एक वीत जास्त. दुखेल. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण हात वर न्या."

जयराम गेला तो फडक्याकडे जुन्या दोस्ताकडे बघावं तसा बघत गेला. मग पाचूबंदरची सोनू उठली. ती रोज दुपारी मासळीची पाटी घेऊन भुईगावात यायची, त्यामुळे फेबियनला बघून ती ओळखीचं हसली. फेबियनने मान दुसरीकडे फिरवली. सोनूला कळलं म्हणजे अर्नाळ्यापर्यंत कळलं.

सोनूचं कोपर बाहेरच्या बाजूने ठणकत होतं. भरला तांब्या उचलवत नव्हता. डॉक्टरांनी तिला पालथा हात मनगटातून वर उचलायला लावला आणि वरून दाबलं. सोनू कळवळली.

"दिवसाला किती मासळी कापता?"

"गिऱ्हाईक म्हनंल तेवढी. आता हलव्याचा मोसम हाय."

"दुखतंय कोपर, पण काम केलंय मनगटाने. मनगट उचलणाऱ्या दोऱ्या कोपराच्या या हाडाला बांधलेल्या असतात. कोयता धरून दिवसभर मनगट मुरगळलं की दोरी तिथे उसवते. सहा आठवडे कापायचं काम सुनेला द्या. आणि पाटी उचलताना तळहात वरच्या बाजूला ठेवून उचला."

"सून कापनार, म्हंजे अर्धा मासा मांजरीला," सोनू म्हणाली आणि कोपराला पट्टी बांधून घ्यायला बाकावर येऊन बसली.

फेबियन आत गेला. त्याने ठरवलं होतं की फक्त बोटं जड झालीत एवढंच सांगायचं. पण डॉक्टरांनी करंगळीवरचा भाजल्याचा डाग पाहिला, आणि मग शर्ट काढायला लावून उजेडात त्याची पाठ, दंड, कान सगळं पाहिलं. डोळे मिटायला लावून कापसाची वात अंगावर ठिकठिकाणी फिरवली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कागदाचा चिटोरा धरायला दिला आणि ओढला. उजव्या हातातला निघाला नाही, डाव्या हातातला सहज निघाला. मग कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत त्यांनी बोटाने टिचकी मारली. फेबियनच्या करंगळीपर्यंत वीज चमकून गेली.

"तुम्हाला कसली भीती वाटतेय ती मला कळलीय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मलाही आधी तीच शंका आली. पण अंगावर कुठे चट्टा नाही, आणि ही नस हाताला जाड लागत नाही. अंगठ्याकडची बोटं बधिर झाली असती तर मी मनगटाचा दोष धरला असता. करंगळीची नस इथून जाते, कोपराच्या खोबणीतून, वर नुसती कातडी. एखादी टणक वस्तू इथे रोज दाबली गेली तर करंगळी अशीच मरते. तेव्हा सांगा, दिवसभर कोपर कुठे टेकता?"

सुटकेची दोरी माणसाच्या हातात आली होती. नुसतं 'खुंटावर' म्हणायचं होतं. पण वीस वर्षांची फुशारकी आडवी आली.

"कुठेच नाय," फेबियन म्हणाला. "मी बसतोच कुठं? सकाळी शिंपणं, मग केळींची बांधणी, दुपारी रहाट. बा गेल्यापासून दुपारची पाठ..."

"डागदर," पडद्याबाहेरून सोनूचा आवाज आला, "मी सांगू?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याने परवानगी आहे असं समजून पुढचं सांगितलं. "मी दोन वाजता यांच्या वाडीवरून जाते. हे रहाटावर निजलेले असतात, खुंटावर कोपर ठेवून. मी ओरडत पन नाय मग. मासळी घ्या म्हनून ओरडले तर मानसाची झोपमोड होयाची."

बाकावरचे दोघेतिघे हसले, पण हळूच. फेबियनचे कान लाल झाले. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"वीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"वीस-बावीस," फेबियन पुटपुटला.

"मग मला एक कोडं पडलंय, फेबियनभाऊ. त्याच खुंटावर, तेच कोपर, वीस वर्षं. इतकी वर्षं बोटं शाबूत आणि यंदाच बधिर? यंदा काही बदललंय का? ते सापडलं तर मी निश्चिंत. नाही सापडलं तर मुंबईला पाठवून नीट तपासून घेऊ. आणि ऐका, तिकडून वाईट बातमी आली तरी आता त्यावर गोळ्या निघाल्यात. खोपीत लपून बसायचे दिवस गेले. सोमवारी या."

फेबियन घरी आला तो सरळ रहाटाकडे गेला. फळी तीच होती, बैल तोच होता. खुंटाच्या माथ्यावर त्याने उजव्या हाताची बोटं फिरवली. मधोमध लाकडाची एक गाठ वर आली होती, गोटीएवढी आणि घट्ट. ही गाठ पूर्वी होती का? लाकडाला नवीन गाठ येत नाही, एवढं त्याला कळत होतं. मग पूर्वी ती का टोचली नाही? त्याला अंधुक आठवलं की तिथे कसलं तरी गोणपाट गुंडाळलेलं असायचं. रोज ज्यावर कोपर ठेवलं त्याच्याकडे त्याने वीस वर्षांत एकदाही धड पाहिलं नव्हतं.

मॅग्डलीन मागच्या पडवीत बेलाच्या लग्नाचं शिवणटिपण घेऊन बसली होती. फेबियन तिच्यापासून चार पावलांवर उभा राहिला.

"रहाटाच्या खुंटावर काय होतं?" त्याने विचारलं.

"उशी," मॅग्डलीन म्हणाली.

"कसली उशी?"

"तुमच्या कोपराची."

तिने सुई अडकवून ठेवली, उठली आणि घडवंचीखालच्या बोचक्यातून ती काढली. वरून गोणपाट, उसवलेलं. आत तिच्याच जुन्या लाल लुगड्याचं कापड, आणि त्याच्या आत शेवरीचा कापूस, काळवंडलेला आणि चपटा झालेला. मधोमध कोपराएवढा खळगा पडला होता. फेबियनने तो खळगा ओळखला.

"तू कधी केलीस ही?"

"बाळ्याच्या आधीचा बैल होता तवा. एक दिवस भाकर घेऊन आले तर तुमी निजलेले, कोपर लाल झालेलं. मग शिवली. दर दोन वर्सांनी कापूस बदलते. वरून गोनपाट लावलं, नायतर तुमाला कळलं असतं ती उशी हाय, आनि तुमी भांडला असता. यंदा उंदरांनी कुरतडली म्हनून नाताळात काढली. तेवढ्यात बेलाचं ठरलं, त्या गडबडीत राहूनच गेली." तिने त्याच्या कोपराकडे पाहिलं. "का? लागलं का तुमाला?"

"म्हंजे तुला ठाव होतं? मी दुपारी..."

"अवो, सगळ्या भुईगावाला ठाव हाय."

यावर फेबियनने काय करावं? तो पडवीच्या पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पातेलं, करंगळी, फाटकापाशी बसणारी माणसं, राजोडीला जायचा बेत, डॉक्टर, सोनू. सांगताना त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो आवरलाही नाही. मॅग्डलीन आधी ऐकत होती. मग तिला राग आला, असा राग की लुगड्याचा काठ तोंडात धरून ती रडायलाच लागली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे करवंटीतून पानी प्यालात, आनि मी समजले माझ्याच हातून काय घडलं. रोग असता तर मी काय तुमाला टाकनार होते? जो मानूस कोपरासाठी उशी शिवतो तो हातासाठी काय नाय करनार? येवढं पन नाय कळलं तुमाला?"

त्याला कळलं नव्हतं, आणि आता कळत होतं, आणि त्याला फार लाज वाटली. खुंटावर निजल्याची लाज याच्यापुढे काहीच नव्हती.

त्या संध्याकाळी रोझरी झाली. बेला सवयीने लांब उभी राहूनच वाकली. फेबियन चार पावलं पुढे गेला आणि त्याने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. डाव्या हाताच्या तीन बोटांना तिचे केस लागले, दोन बोटांना काहीच लागलं नाही. "व्हिक्टर बरा मुलगा हाय," तो म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, पण बेलानेच रडून त्याची सोय केली.

सोमवारी दोघं मिळून गेली तेव्हा डॉक्टरांनी उशी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग ती मॅग्डलीनला परत देताना ते म्हणाले, "बाई, वीस वर्षं ही नस तुम्ही राखलीत. आता मी काय सांगणार?" तरी त्यांनी सांगितलंच: खुंट बंद, उशी असली तरी बंद. रात्री कोपर दुमडू नये म्हणून त्याला पंचा गुंडाळायचा. बोटं महिन्याभरात जागी व्हायला लागतील, पुरती जागी व्हायला दोन-तीन महिने लागतील, आणि झाली की समजायचं, भीती संपली. दुपारी झोप आली तर माणसासारखं खाटेवर आडवं व्हायचं.

ही शेवटची अट सगळ्यांत कठीण गेली. पहिल्या दुपारी फेबियनने खाट आंब्याच्या आडोशाला लपवून टाकली. तिसऱ्या दिवशी ती ओटीवर आली. बाळ्याला दुपारची सुट्टी मिळाली, घुंगुरमाळ वाजेना, आणि सावित्रीकाकूकडे आठवडाभर चहा रोज उशिरा झाला. शेवटी तिने कुंपणावरून विचारलंच, "फेबियन, हल्ली निजतोस कधी रे?"

"दोन वाजता," फेबियनने ओटीवरून उत्तर दिलं. "पाठ टेकून."

डॉक्टरांच्या हिशेबाने बोटं एप्रिलात जागी व्हायला लागायला हवी होती. झाली नाहीत. फेबियन रोज सकाळी करंगळीवर कापूस फिरवून बघायचा आणि वाडीत निघून जायचा. मॅग्डलीन त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. ईस्टर झाला, मांडव उभा राहिला, तरी करंगळी लाकडाचीच होती. रोग नाही असं डॉक्टर म्हणत होते, तो स्वतः म्हणत होता, पण मनात एक कोपरा होता तो काही म्हणत नव्हता.

लग्नाच्या सकाळी चर्चला निघायच्या आधी बेला नटून त्याच्यापुढे वाकली. अंगण माणसांनी भरलं होतं, बँडवाले फाटकाशी येऊन उभे होते. फेबियनने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, आणि डावा हात त्याने एकदम मागे ओढला.

बेलाने घाबरून मान वर केली. "काय झालं, बा?"

फेबियन आपल्या करंगळीकडे बघत होता. वेणीतल्या मोगऱ्याला लावलेली पिन तिच्यात घुसली होती आणि रक्ताचा एक थेंब वर आला होता.

"टोचली," तो म्हणाला. त्याने मॅग्डलीनला शोधून तिच्यापुढे बोट धरलं. "मॅग्डलीन, बघ. टोचली मला."

मॅग्डलीनने ते बोट आपल्या मुठीत घेतलं आणि सगळ्यांदेखत घट्ट दाबलं. फेबियनला तेही कळलं.